जर्मन अक्षरांची जुनी फीत

अणशीसारख्या घाटमाथ्यावरील गावाचा आणि जर्मन भाषेचा संबंध तो काय, अशी शंका वाचकांस येईल. परंतु मराठा पलटणींचे बेळगाव येथून फारसे दूर नाही, आणि त्या पलटणींनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत प्रत्यक्ष जर्मन सैन्याशी झुंज दिली. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे तर तेथेच धारातीर्थी पडले. परत आलेल्या शिपायांच्या ट्रंकांतून स्वतःच्या पदकांबरोबर कधी शत्रूकडील एखादी वस्तूही घरी येई. अशी एखादी रेशमी पट्टी पुढे नातवंडांच्या हाती लागते आणि "हे आमच्या आजोबांचे शौर्यपदक" असा समज घरात रूढ होतो.

यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानी धरावी. पदकाची फीत बहुधा मुकी असते. तिच्यावर अक्षरे नसतात, ती रंगांनी बोलते. पहिल्या महायुद्धाच्या विजयपदकाची फीत इंद्रधनुष्यासारखी, आफ्रिका स्टारची वाळूच्या रंगाची, मध्ये तांबडा पट्टा असलेली, आणि इटली स्टारची तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची. जर्मनांच्या आयर्न क्रॉसचेही तसेच. १९१४ ची फीत काळी-पांढरी होती. १९३९ च्या फितीत मधोमध रुंद तांबडा पट्टा आला. तेव्हा फितीवर मजकूर दिसला की ती सन्मानाची नसून दुसऱ्याच कशाची तरी असावी, असा तर्क आधी करावा.

ही दुसरी जात मोठी मनोरंजक आहे. अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने लढाई जिंकली की लोक मजकूर छापलेल्या रेशमी फिती टोपीला किंवा छातीला लावून आनंद साजरा करीत. त्यांवर 'विवात' म्हणजे 'चिरायु होवो' हा लॅटिन शब्द असे. म्हणून त्यांना विवात-फिती म्हणतात. १९१४ साली ही चाल पुन्हा सुरू झाली. टॅननबर्गची लढाई, सेनापती हिंडेनबुर्गचे चित्र, असे विषय फितींवर छापून त्या विकल्या गेल्या आणि पैसा रेड क्रॉसच्या कामी लागला. म्हणजे ही फीत रणांगणावर न गेलेल्या एखाद्या गृहिणीचीही असू शकेल.

खलाशांच्या टोपीभोवतीची फीत याहून वेगळी, काळी व लांब. तिच्यावर 'एस्. एम्. एस्.' ही अक्षरे असल्यास ती कैसरच्या काळची, १९१८ पूर्वीची. त्यांचा अर्थ 'महाराजांचे जहाज'. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागणारी 'एम्डन' ही अशाच नावाची युद्धनौका. आता समजा, आपल्या घाटाखालच्या बाजूस कोणी अशी फीत दाखवून ती मुरगाव बंदरातील जर्मन जहाजांची आहे असे सांगितले, तर ते मानावे काय? 'एरनफेल्स', 'द्राखनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही जहाजे युद्ध सुरू झाल्यावर तटस्थ गोव्यात आश्रयास राहिली आणि ९ मार्च १९४३ रोजी हल्ला होताच त्यांच्याच खलाशांनी ती बुडविली, हे खरे. पण ती व्यापारी जहाजे होती, आणि तोवर कैसरचे राज्य जाऊन चोवीस वर्षे लोटली होती. सांगणारा प्रामाणिक असेल; फीत मात्र साक्ष देत नाही.

आमच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनीने आफ्रिकेतील सैनिकांसाठी बाहीवर बांधण्याची एक पट्टी सन्मान म्हणून काढली: तपकिरी कापड, रुपेरी-करडी किनार, दोन ताडवृक्ष आणि मध्ये 'आफ्रिका' हा शब्द. याहून जुनी 'आफ्रिकाकोर' अशी अक्षरे असलेली हिरवी पट्टी केवळ पथकाची खूण होय. आणि 'फ्रायस इंडिएन', म्हणजे 'स्वतंत्र भारत', हे शब्द व झेप घेणारा वाघ असलेले तिरंगी ढालीच्या आकाराचे बाहुचिन्ह कोठे आढळले, तर ते फार जपून ठेवावे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत उभारलेल्या भारतीय पथकाचे ते चिन्ह आहे. उत्तर आफ्रिकेत कैद झालेले पुष्कळ हिंदी शिपाई त्या पथकात होते. हल्ली मात्र अशा वस्तूंच्या नकला फार होतात.

अक्षरांचे वळण पाहून घाबरू नये. जुन्या जर्मन छपाईतील मोडके-टोकदार अक्षर आजच्या जर्मन मुलांना, आपल्या मुलांना मोडी वाटते तसेच, परके वाटते. त्यातील लांब 'एस्' हुबेहूब 'एफ्'सारखा दिसतो, हे ठाऊक असले की निम्मी अडचण संपते. ते वळण १९४१ मध्ये सरकारी हुकुमाने बंद झाले. टोपीच्या फितीवरून मात्र असा काळ ठरवू नये. कैसरच्या आरमाराची अक्षरे साधी रोमन होती आणि हिटलरच्या आरमाराची टोकदार! शब्दांपैकी 'एरिनेरुंग' अथवा 'आंडेंकेन' दिसल्यास 'स्मरणार्थ' समजावे. 'क्रीग' म्हणजे युद्ध.

अशी फीत सापडल्यास ती धुऊ नये, इस्त्री करू नये. जुने रेशीम घडीवरच तुटते, म्हणून ती सपाट कागदात ठेवावी. ती कोणाच्या ट्रंकेत होती, ते कोणत्या पलटणीत होते आणि ही हकीकत घरात कोणी सांगितली, हे निराळ्या कागदावर तारखेसह लिहून शेजारी ठेवावे. फितीला टाचणी लावू नये, कारण टाचणी गंजते.