आइन्स्टाईन यांची पोटदुखी

उदरांतील महारोहिणी फुगली तरी पुष्कळदां ती फुटेपर्यंत रोग्यास वार्ताहि नसते; आणि दुखलेंच, तर संशय भलत्याच अवयवावर जातो. १९४८ सालीं शल्यवैद्य रुडॉल्फ निसेन यांनीं आल्बर्ट आइन्स्टाईन यांचें पोट उघडलें, तों आंत मोठ्या मोसंब्याएवढा फुगा! रोहिणीचा तेवढा भाग कापून दुसरा जोडण्याची विद्या पॅरिसांत १९५१ सालीं सिद्ध व्हावयाची होती. निसेन यांनीं फुगा सेलोफेनमध्यें गुंडाळला; हेतु हा कीं, त्या परक्या वेष्टनामुळें व्रणतंतु वाढून भिंत दृढ व्हावी. मिठाईवरचा कागद तो! त्यावर सहाहून अधिक वर्षें निभावलीं, याचें आम्हांस नवल वाटतें. एप्रिल १९५५ मध्यें कळा आल्या त्या पित्ताशयदाहासारख्या. शस्त्रक्रियेस आइन्स्टाईन यांनीं स्वच्छ नकार दिला. रोहिणी फुटल्यानें १८ तारखेस त्यांचा अंत झाला. त्या फसव्या लक्षणास वैद्यकांत आतां त्यांचेंच नांव आहे.