हद्दीवरील भिंत व अग्निभय

शेजाऱ्याच्या हद्दीस लागून घर, गोठा किंवा कडब्याची गंजी उभी करणें हें आपल्या गांवठाणांत नित्याचेंच आहे. परंतु आग हद्दीचा दगड पाहून थांबत नसते. सबब त्या बाजूची भिंत कशी असावी, याचा विचार पाया खणण्यापूर्वींच झाला पाहिजे.

हा धडा लंडन शहरास इ. स. १६६६ सालीं फार महाग पडला. २ सप्टेंबर रोजीं एका भटारखान्यांत लागलेल्या आगीनें चार दिवसांत सुमारें १३,२०० घरें भस्म केलीं. घरें बहुतेक लांकडी, गल्ल्या अरुंद व वरचे मजले पुढें आलेले, त्यामुळें आगीस वाट आयतीच मिळाली. १६६७ सालीं पार्लमेंटनें कायद्यानें बाहेरील भिंती विटेच्या अथवा दगडाच्या ठरविल्या. आणि १७०७ सालच्या कायद्यानें दोन घरांमधील भिंत छपराच्या वर १८ इंच उचलणें भाग पाडिलें.

आग पसरण्याच्या वाटा तीन: प्रत्यक्ष ज्वाला, उष्णतेचे किरण व उडत्या ठिणग्या. अंतर वाढवावें तसे किरण क्षीण होतात. अंतर नसेल तेथें भिंतीनेंच तें काम केलें पाहिजे. म्हणून भिंतीची परीक्षा भट्टीपुढें घेतात. ती कोसळूं नये, तींतून ज्वाला पार होऊं नये, व तिच्या पलीकडील बाजूची उष्णता मूळच्यापेक्षां सरासरी १४० अंश सेल्सियसहून अधिक वाढूं नये. हें सर्व ती जितका वेळ सांभाळील, तितक्या तासांची ती भिंत म्हणावयाची.

लोखंडी पत्रा जळत नाहीं, म्हणून तो पुरेसा आहे असा पुष्कळांचा समज असतो. पत्रा उष्णता तत्काळ पलीकडे देतो, आणि त्यास टेकलेला कडबा ज्वाला न लागतांही पेट घेऊं शकतो.

भोंकांचेंही तसेंच. अमेरिकेंतील निवासी घरांच्या नमुना नियमांत, आपोआप पाणी शिंपडणारी योजना नसलेल्या घराची भिंत हद्दीपासून ५ फुटांच्या आंत असल्यास ती एक तास टिकणारी लागते. व ३ फुटांच्या आंत खिडकी-दरवाजा मुळींच ठेवूं देत नाहींत.

आमच्या शेतकरी बंधूंनीं यांतून इतकें घ्यावें. हद्दीकडील कूड काढून तेथें विटांची किंवा दगडांची सलग भिंत घालावी. तीत झरोका ठेवूं नये; वाशांच्या टोंकांशीं राहिलेल्या फटी चिखलानें लिंपाव्या. भिंत छपरावर हातभर न्यावी व वळचण शेजाऱ्याकडे काढूं नये. गंजी मात्र भिंतीच्या भरंवशावर न ठेवतां घरांपासून दूरच रचावी. कारण ठिणगी भिंतीवरूनही उडून येते.

पंचनाम्यांत जळालेल्या कडब्याची किंमत लिहितां येते. परंतु दावणीस बांधलेल्या जनावरांस उन्हाळ्यांत काय घालावें, हें त्यांत लिहिलेलें नसतें.