सासर कोल्हापूरला, माहेर बेळगावला : घटस्फोटाचा अर्ज कुठे आणि कोणत्या कारणावर?

सीमाभागात सोयरीक जमवताना राज्याची हद्द कोणी बघत नाही. बेळगावची लेक कोल्हापूरला जाते, बिदरची उदगीरला. संसार मोडायला आला की मात्र हीच हद्द आडवी येते. 'त्याचं बाहेर प्रकरण आहे' किंवा 'तिचं कुणाशी तरी चालू आहे' असं घरात म्हणणं सोपं आहे. तेच कोर्टात लिहून देण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

गुन्हा नाही, पण कारण आहे

सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी जोसेफ शाइन खटल्यात भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं. त्यामुळे व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. पण हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 13 प्रमाणे तो घटस्फोटाचं कारण आजही आहे. 1976 च्या दुरुस्तीनंतर लग्नानंतरचा एक प्रसंगही पुरेसा ठरतो. क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मागण्याची सोयही त्याच दुरुस्तीने झाली. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे.

गोव्यात मात्र हा कायदा चालत नाही. तिथे पोर्तुगीज काळातला 1910 चा घटस्फोट कायदा आहे. त्यातही व्यभिचार आणि छळ ही कारणं आहेत, पण बाकीचे नियम वेगळे. एक बाजू गोव्याची असेल तर कोणता कायदा लागतो, हे आधी वकिलाकडून पक्कं करून घ्यावं.

आरोप दुधारी आहे

गोड मेसेज किंवा हॉटेलबाहेरचा फोटो यावरून संशय येतो, पण तेवढ्याने शरीरसंबंध सिद्ध होत नाही. परिस्थितीचे धागे जुळावे लागतात. ज्या व्यक्तीशी संबंध असल्याचा आरोप आहे, तिलाही सहसा प्रतिवादी करावं लागतं.

आरोप बिनबुडाचा निघाला तर तो उलटतो. भाटे विरुद्ध भाटे (2003) या खटल्यात पतीने आपल्या लेखी जबाबात पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले होते. पुढे दुरुस्ती करून त्याने ते आरोप मागे घेतले. तरीही असे आरोप करणं हीच मानसिक क्रूरता, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि पत्नीला मिळालेला घटस्फोट कायम राहिला.

म्हणून पुरावा कच्चा असेल तर व्यभिचाराचा हट्ट धरू नये. मारहाण, सततचा अपमान, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं हे तारखांसह मांडून क्रूरतेचा दावा करणं अनेकदा जास्त सुरक्षित असतं.

किती पुरावा लागतो?

दास्ताने विरुद्ध दास्ताने (1975) या निकालानुसार फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणाची बाजू जास्त संभवनीय, एवढं कोर्ट बघतं. मात्र त्याच खटल्यात क्रूरता सिद्ध होऊनही पतीला दाद मिळाली नाही, कारण त्यानंतरही दोघांचा सहवास चालू होता. याला कायद्यात क्षमा मानतात. तेव्हा 'सगळं कळूनही एकत्र का राहिलात?' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि रेकॉर्डिंग मूळ फोनमध्ये जपून ठेवा. कोर्टात त्यांची प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मराठी मेसेज कर्नाटकातल्या कोर्टात द्यायचे असतील तर भाषांतराचा खर्चही धरून चाला.

कोर्ट कुठलं?

लग्न झालं ती जागा, नवरा-बायको शेवटचे एकत्र राहिले ती जागा किंवा समोरचा पक्ष राहतो ती जागा, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. 2003 पासून पत्नीला ती सध्या राहते तिथेही अर्ज करता येतो. म्हणजे माहेरी आलेली लेक बेळगावातच अर्ज देऊ शकते. नवऱ्याला ही जादा सवलत नाही.

पहिला अर्ज कुठे पडतो, याला फार महत्त्व आहे. दुसऱ्या बाजूने नंतर दुसरीकडे घटस्फोटाचा अर्ज केला, तर कलम 21अ प्रमाणे तो पहिल्या कोर्टाकडे वर्ग होतो, राज्य वेगळं असलं तरी. पण नवऱ्याने आधीच कोल्हापुरात अर्ज टाकला असेल आणि पत्नीला तो बेळगावला हलवायचा असेल, तर त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. दोन्ही गावं एकाच राज्यात असती तर हे काम उच्च न्यायालयात झालं असतं. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरासाठी दिल्ली गाठावी लागते, ती अशी.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा अर्ज करता येत नाही. पण मारहाण होत असेल तर तोवर थांबायची गरज नाही, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली लगेच संरक्षण मागता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही.