पकड आणि सुटका
कुस्ती म्हटली की सातारा-सांगलीकडच्या आपणा सर्वांना १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. पण मित्रहो, दंडातली पकड बसते कशी आणि सुटते कशी?

स्नायूत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू असतात. ॲक्टिनवर ट्रोपोमायोसिनची दोरी मायोसिनची जागा अडवून बसलेली असते. मज्जातंतूचा हुकूम येताच स्नायूत साठविलेले कॅल्शियम सुटते व ट्रोपोनिनला चिकटते. त्याचा आकार बदलतो, दोरी सरकते आणि मायोसिन ॲक्टिनला ओढू लागते. कॅल्शियम परत गेले की जागा पुन्हा झाकली जाते.

मायोसिनला पकड सोडायलाही एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. मृत्यूनंतर ते संपते, म्हणूनच काही तासांनी देह ताठरतो. आवळण्याइतकेच वेळेवर सोडणेही जिवंतपणाचे लक्षण आहे, हेच खरे!