पॅकेज स्वयंस्थापित करणारे मॅक्रो (ज्युलिया)

ज्युलिया या संगणकीय भाषेत, हवे असलेले पॅकेज संगणकावर नसल्यास ते आधी स्थापित करणारा आणि मग वापरासाठी खुले करणारा मॅक्रो लिहिता येतो. असा मॅक्रो भाषेत अंगभूत नाही. वापरकर्ते तो आपापल्या सोयीने रचतात.

ज्युलियात ही दोन कामे वेगळी आहेत. पॅकेज उतरवून घेण्याचे काम 'पीकेजी' हा पॅकेज व्यवस्थापक 'ॲड' या आज्ञेने करतो, तर ते चालू सत्रात आणण्याचे काम 'यूझिंग' हे विधान करते. नवशिक्या विद्यार्थी बहुधा इथेच अडतो: दुसऱ्याने पाठवलेली फाइल चालवावी, तर पहिल्याच ओळीला पॅकेज सापडत नसल्याची त्रुटी येते.

दोन्ही कामे एका फंक्शनमध्ये गुंडाळावीत, असे सहज सुचते. पण ते साधत नाही. 'यूझिंग' फंक्शनच्या आत चालत नाही, ते सर्वांत वरच्या पातळीवरच असावे लागते. मॅक्रोची गोष्ट निराळी. त्याला दिलेल्या 'प्लॉट्स' या शब्दाचे मूल्य काढले जात नाही. तो केवळ नाव म्हणून पोहोचतो. त्या नावापासून मॅक्रो नवी विधाने रचतो आणि ती मॅक्रो जिथे लिहिला तिथेच बसतात. त्यामुळे 'यूझिंग' आपल्या योग्य जागी पडते.

पॅकेज आहे की नाही, हे 'बेस'मधील 'फाइंड_पॅकेज' सांगते. उत्तर 'नथिंग' आले, तरच 'ॲड' चालवायचे. एक खाच मात्र आहे. मॅक्रोंचा विस्तार आज्ञा चालण्यापूर्वी होतो. म्हणून 'बेंचमार्कटूल्स' आणणारी ओळ आणि त्यातील 'बीटाइम' हा मॅक्रो एकाच 'बिगिन–एंड' गटात लिहिल्यास, पॅकेज येण्याआधीच त्याच्या मॅक्रोचा शोध घेतला जातो व त्रुटी येते.

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. 'ॲड' ही आज्ञा वाचकाच्या चालू प्रकल्पाची 'प्रोजेक्ट' व 'मॅनिफेस्ट' ही नोंदपत्रे बदलते, तीही त्याला न विचारता. शिवाय आवृत्ती न सांगितल्यास, त्या वेळी जुळणारी आवृत्ती घेतली जाते. तीच फाइल वर्षभराने दुसऱ्या संगणकावर निराळे उत्तर देऊ शकते. संशोधनाच्या कामी हे परवडणारे नाही. तिथे फाइलसोबत ही नोंदपत्रे द्यावीत आणि 'इन्स्टँशिएट' आज्ञेने त्यांत नोंदलेल्याच आवृत्त्या बसवाव्यात. स्वतः पॅकेज लिहिणाऱ्याने तर हा मॅक्रो त्यात ठेवूच नये.

२०२१ मधील १.७ आवृत्तीपासून, संवादी सत्रात 'यूझिंग' लिहिल्यावर पॅकेज नसेल, तर ज्युलिया स्वतःच ते स्थापित करण्याची परवानगी मागते. थेट चालवलेल्या फाइलला ही सोय नाही.