हमीदा बानू

हमीदा बानू : (सु. १९२०–१९८६). भारतातील पहिल्या व्यावसायिक स्त्री-मल्ल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुस्तीगीर. १९४० ते १९५५ ह्या काळात मुंबई, कोल्हापूर, बडोदे इ. ठिकाणी तिकीट लावून भरविलेल्या दंगलींत त्यांनी पुरुष मल्लांशी कुस्त्या केल्या. वृत्तपत्रे त्यांना ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हणत. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे झाला. मल्लविद्येच्या शिक्षणासाठी त्या अलीगढला गेल्या व तेथे सलाम पहिलवान ह्यांच्या आखाड्यात त्यांची तयारी झाली. उत्तरायुष्य त्यांनी मुंबईजवळील कल्याण येथे काढले.

हमीदा बानूंची कारकीर्द समजण्यासाठी तत्कालीन कुस्तीचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिला यात्राजत्रांतील फडाचा. मुंबईहून कल्याणमार्गे कर्जत व खोपोलीकडे लोहमार्ग जातो. त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा कल्याणकडील भाग व तेव्हाच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके ह्यांत, देवाच्या यात्रेनिमित्त कुस्त्या लावण्याची चाल आहे. अशा फडात गावचे पंच वय व अंगलट पाहून जोड लावतात. प्रारंभी लहान मुलांच्या आणि अखेरीस नामांकित मल्लांच्या कुस्त्या होतात. पाहणाऱ्यांना तिकीट नसते. इनामाची रक्कम गाववर्गणीतून येते. मल्लाची परीक्षा त्याला ओळखणाऱ्या माणसांसमोर होत असल्याने लटकी कुस्ती तेथे फार काळ टिकत नाही. ह्या फडात स्त्रियांना मात्र बराच काळ स्थान नव्हते. आखाडा ही पुरुषाची व ब्रह्मचर्याची जागा मानली जाई आणि तांबड्या मातीत स्त्रीने पाऊल ठेवणे निषिद्ध समजले जाई.

दुसरा प्रकार शहरी दंगलीचा. कोल्हापूर, बडोदे, पतियाळा इ. संस्थानांनी मल्लांना दीर्घकाळ आश्रय दिला होता. कोल्हापूरचे शाहू महाराज ह्यांनी बांधविलेले खासबाग मैदान (१९१२) हे त्या आश्रयाचे ठळक उदाहरण होय. संस्थाने विलीन झाल्यावर हा आधार संपला व अनेक मल्लांना तिकिटांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या दंगलींकडे वळावे लागले. ह्या दंगली ठेकेदार भरवीत. भित्तिपत्रके, वाहनांवरील फलक, आव्हाने व प्रतिआव्हाने ह्यांच्या योगे ते गर्दी जमवीत. खेळ व करमणूक ह्यांतील सीमारेषा येथे पुसट असे. हमीदा बानूंच्या एका लढतीनंतर एक पांगळा व एक अंध मल्ल ह्यांची कुस्ती ठेवण्यात आली होती. अंध मल्लाची दाढ दुखू लागल्याने ती सोडून देण्यात आली व त्याच्या प्रतिस्पर्ध्यास विजयी ठरविण्यात आले. स्त्रीला पहिला प्रवेश मिळाला तो ह्या दुसऱ्या जगात. कारण स्त्री-पुरुषांची कुस्ती हे तेथे हमखास तिकिटे खपविणारे आकर्षण होते.

१९४४ पर्यंत हमीदा बानूंचे नाव मुंबईत सर्वतोमुखी झाले होते. त्या वर्षी गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती पाहण्यास सु. २०,००० प्रेक्षक जमले. परंतु गुंगाने अधिक पैसे व अधिक अवधी मागितल्याने ती ऐनवेळी रद्द झाली आणि चिडलेल्या जमावाने मैदानात मोडतोड केली. फेब्रुवारी १९५४ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडली असता, जो पुरुष आपणास कुस्तीत हरवील त्याच्याशी आपण विवाह करू, असे आव्हान त्यांनी जाहीर केले. त्यानंतर पतियाळा व कलकत्ता येथील एकेका मल्लाला त्यांनी हरविले. त्याच वर्षी मेच्या आरंभी त्या तिसऱ्या लढतीसाठी बडोद्यास आल्या. तेथे त्यांची गाठ छोटे गामा ह्या मल्लाशी पडावयाची होती. तथापि त्याने आयत्या वेळी माघार घेतली आणि बाबा पहिलवान हा पुढे आला. ही कुस्ती अवघी १ मिनिट ३४ सेकंद चालली. हमीदा बानूंनी त्याला चीत केले, म्हणजे त्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकविले. ह्या विजयाची वार्ता ‘असोशिएटेड प्रेस’ ह्या वृत्तसंस्थेने परदेशीही पोहोचविली. तोवर तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

त्यांची उंची सु. १·६० मी. (५ फूट ३ इंच) व वजन सु. १०८ किग्रॅ. होते. त्यांचा दैनंदिन आहार वृत्तपत्रांतून तपशिलाने छापून येई : ५·६ लि. दूध, २·८ लि. सूप, १·८ लि. फळांचा रस, एक कोंबडी, सु. १ किग्रॅ. मटण, बदाम, अर्धा किग्रॅ. लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव व दोन थाळ्या बिर्याणी. त्या रोज नऊ तास झोप व सहा तास मेहनत करीत, असेही त्यांत नमूद असे. पुरुष मल्लांच्या खुराकाविषयी अशाच आख्यायिका प्रचलित होत्या. त्यांत जाहिरातीचा अंश असला, तरी मल्लाचा खुराक व मेहनत ह्यांचे प्रमाण कसे मानले जाई, हे त्यावरून दिसते. उर्दू कथालेखिका कुर्रतुलऐन हैदर ह्यांच्या ‘डालनवाला’ ह्या कथेतही हमीदा बानूंच्या मुंबईतील कुस्तीचा उल्लेख येतो. त्यांच्या लोकप्रसिद्धीचे हे बोलके गमक होय.

ह्या प्रसिद्धीबरोबर विरोधही वाढत गेला. पुण्यात रामचंद्र साळुंके ह्या मल्लाशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्तीसंघाच्या हरकतीमुळे रद्द करावी लागली. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी ह्या मल्लास त्यांनी हरविल्यानंतर प्रेक्षकांनी हुर्यो करून दगडफेक केली. पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला आणि ही कुस्ती आधीच ठरविलेली, म्हणजे नुरा कुस्ती होती, असा प्रवाद पसरला. आपल्या कुस्त्यांना आडकाठी होत असल्याची तक्रार त्यांनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई ह्यांच्याकडे केली. आयोजक त्यांच्यापुढे नाममात्र प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी असल्याने बंदी घातली आहे, स्त्री-पुरुषभेदामुळे नव्हे, असे उत्तर त्यांना मिळाले.

हमीदा बानूंचे विजय खरे होते काय, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला गेला आहे. महेश्वर दयाल ह्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्या थेट पुरुष मल्लांप्रमाणेच लढत असे म्हटले आहे. त्याचबरोबर प्रतिस्पर्ध्याशी गुप्त करार होऊन तो मुद्दाम हरत असे, हा लोकापवादही त्यांनी नोंदविला आहे. नुरा कुस्तीचा आरोप त्या काळच्या सर्वच व्यावसायिक दंगलींवर होत असे व तो पुष्कळदा साधार होता. पुरुष मल्लाच्या बाबतीत मात्र अशा आरोपाने एखादी कुस्ती संशयित ठरे, हमीदा बानूंच्या बाबतीत संपूर्ण कारकीर्दच संशयित ठरली. त्याचे कारण लढतीच्या रचनेतच होते. स्त्रीला हरविल्याने मल्लाच्या कीर्तीत काडीचीही भर पडत नसे; हरल्यास मात्र तिला कायमचा बट्टा लागे. त्यामुळे नाव राखून असलेले मल्ल त्यांच्यासमोर येण्याचे टाळीत आणि जे येत त्यांना प्रेक्षक दुय्यम किंवा विकत घेतलेले मानीत. जी स्पर्धा त्यांचे बळ निर्विवाद सिद्ध करू शकली असती, ती म्हणजे तुल्यबळ स्त्री-मल्लांची नियमबद्ध स्पर्धा, भारतात अस्तित्वातच नव्हती. कराडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्री-स्टाइल कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. परंतु त्या क्रीडाजगताचे दार स्त्री-मल्लांना बंद होते.

ही स्थिती केवळ भारतातच होती असे नाही. अमेरिकन कुस्तीगीर मिल्ड्रेड बर्क हिने १९३० नंतरच्या दशकात जत्रेच्या तंबूंतून पुरुषांशी कुस्त्या करून नाव मिळविले व १९३७ मध्ये स्त्रियांचे व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद पटकाविले. मुष्टियुद्धातही हेच घडले. इंग्लंडमधील बार्बरा बट्रिक ही जेमतेम १·५० मी. उंचीची मुष्टियोद्धी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जत्रांतील तंबूंमधून लढू लागली. मायदेशात अधिकृत लढतींस वाव नसल्याने ती अमेरिकेस गेली आणि १९५७ मध्ये टेक्सस राज्यातील सॅन अँटोनियो येथे फिलिस कुग्लर हिला हरवून जागतिक विजेती ठरली. बर्क व बट्रिक ह्यांना अखेर स्त्री प्रतिस्पर्धी व विजेतेपद लाभले. हमीदा बानूंना तशी संधी १९५४ मध्ये काही काळ दिसू लागली होती. त्या वर्षी मुंबईत त्यांनी ‘रशियाची अस्वलीण’ म्हणून गाजलेल्या व्हेरा चिस्टिलिन हिला एका मिनिटाच्या आत चीत केले आणि तेथील मल्लांशी लढण्यासाठी आपण यूरोपला जाणार असल्याचे जाहीर केले.

हा दौरा झाला नाही. त्यानंतर हमीदा बानूंचे नाव कुस्तीच्या वार्तांतून नाहीसे झाले. यूरोपला जाण्यास घरातून विरोध झाला व मारहाणीत त्यांच्या हाडांना गंभीर इजा झाली, असे त्यांच्या नातवाने व शेजाऱ्यांनी पुढे सांगितले. सलाम पहिलवान ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता किंवा कसे, ह्याविषयी कुटुंबीयांत मतभेद आहेत. कल्याण येथे त्यांचा दुग्धव्यवसाय होता. दूध विकून व जागा भाड्याने देऊन त्यांनी चरितार्थ चालविला. पुढे हेही उत्पन्न अपुरे पडू लागले, तेव्हा घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला बसून त्या विकत. हालअपेष्टांत १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या वर्षी, १९८७ मध्ये, नॉर्वेत स्त्रियांची पहिली जागतिक कुस्तीस्पर्धा भरली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या कुस्तीचा समावेश २००४ मध्ये (अथेन्स) व मुष्टियुद्धाचा २०१२ मध्ये (लंडन) झाला. साक्षी मलिक हिने २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री-मल्ल होय. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये सांगली येथे स्त्रियांसाठी प्रथमच ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाली. तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिने अंतिम फेरीत कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून किताब मिळविला. गावोगावच्या फडांतूनही आता मुलींच्या जोडी लावल्या जातात.

४ मे २०२४ रोजी गूगल ह्या कंपनीने हमीदा बानूंचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकविल्याने त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. त्यांच्या कारकीर्दीचे महत्त्व विजयांच्या संख्येवर अवलंबून नाही. स्त्रीला मैदानात केवळ नवलाची वस्तू म्हणून जागा मिळत होती, त्या काळात त्यांनी मल्लविद्या हा आपला व्यवसाय मानला, त्यावर उपजीविका केली आणि तो करण्याचा हक्क राज्याच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत जाऊन मागितला. भारतीय स्त्रियांच्या क्रीडेतिहासात त्यांचे स्थान ह्या कारणाने महत्त्वाचे ठरते.