'द ब्लॅक आयलंड': तुमच्या हातातली प्रत कुठली?

समजा तुमचा विषय आहे 'बेल्जियन कॉमिक्समधलं १९३० च्या दशकातलं ब्रिटन'. पहिलं आठवेल ते टिनटिनचं 'द ब्लॅक आयलंड'. बनावट नोटा छापणाऱ्या टोळीच्या मागावर टिनटिन ससेक्सहून थेट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पोचतो. हेर्जेने ही कथा १९३७-३८ मध्ये ब्रसेल्सच्या एका दैनिकाच्या मुलांसाठीच्या पुरवणीत क्रमशः काढली. काळ जुळला, देश जुळला. मग तुम्ही चित्रांतल्या मोटारी, विमानं, आगगाड्या टिपून घ्यायला बसता आणि इथंच घोळ होतो.

कारण दुकानात मिळते ती साधारणपणे १९६६ ची आवृत्ती. हे पुस्तक तीनदा तयार झालंय. १९३८ ला कृष्णधवल, १२४ पानांचं. १९४३ ला, बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात असताना, रंगीत आणि ६२ पानांचं. तिसऱ्या खेपेची गंमत मात्र नीट बघा. इंग्रजी आवृत्ती काढायची म्हणून लंडनच्या मेथ्युएन प्रकाशनाने चित्रांतल्या तब्बल १३१ चुका काढून यादी पाठवली. हेर्जेने १९६१ मध्ये आपला सहकारी बॉब द मूर याला ब्रिटनला धाडलं. त्याने तिथून स्केचेस आणि फोटो आणले आणि पुस्तक नव्यानं काढलं गेलं. विमानं रॉजर लेलूपने काढली.

म्हणजे कथा १९३७ ची, पण आजूबाजूचं ब्रिटन १९६० च्या दशकातलं. किल्ल्यातला गोरिला 'किंग काँग'च्या (१९३३) जमान्यातला, आणि त्याच पुस्तकातल्या मोटारी तीस वर्षांनी नव्या!

यावर कुणी म्हणेल, नवी आवृत्ती जास्त अचूक, मग तीच वापरू की. मला हे अजिबात पटत नाही. ब्रसेल्समधल्या चित्रकाराला ब्रिटन कसं दिसत होतं, हा तुमचा प्रश्न आहे ना? मग त्याच्या चुका हाच तुमचा पुरावा. १९६६ च्या पुस्तकात तो पुरावा पुसला गेलाय, आणि पुसण्याची यादी खुद्द ब्रिटिशांनी दिलेली. अर्थात विषय 'प्रकाशकांचा चित्रकारांवरचा दबाव' असेल, तर हीच आवृत्ती सोनं आहे.

तेव्हा आधी १९३८ च्या पुस्तकाचं हुबेहूब पुनर्मुद्रण मिळवा, १९६६ ची प्रत शेजारी ठेवा आणि एकच प्रसंग दोन्हीकडे चौकटीगणिक ताडून बघा. संदर्भसूचीत नुसतं 'हेर्जे, द ब्लॅक आयलंड' लिहू नका. कुठल्या सालची आवृत्ती, ते लिहा. गाईड पहिलं तेच विचारतील.